घरच्या फ्रीझरमधल्या सत्तावीस कुप्या

संस्थेत कुजबुज अशी होती की फ्रीझरबाई प्रयोगशाळेतलं प्रथिन चोरून घरी नेते आणि रविवारी नवऱ्याला टोचते.

पुरावा काय, तर नवरा. माणूस धंद्याने घड्याळजी, वय बासष्ट, आणि डोक्यावरचे केस असे काळेभोर की त्याच्या वयाच्या लोकांनी त्याच्या शेजारी उभं राहणं टाळावं. बाई स्वतः त्याच्याहून सात वर्षांनी लहान, पण पार पांढरी. आता ही आमच्या इंटरल्युकिनची करामत नाही तर काय, असा सवाल स्टोअरकीपर दुपारच्या चहाला टाकायचा आणि वर “मी काही म्हणत नाही बुवा” म्हणून कप तोंडाला लावायचा. ह्या स्टोअरकीपरला कुणी गुपित सांगायची गरज नसे. तो ते स्वतःच घडवायचा आणि प्रत्येकाला वेगळी शपथ घालून वाटायचा. हातमोजे मागितले तर द्यायला त्याला चार दिवस लागत, बातमी मात्र मागण्याआधी पोचती व्हायची.

फ्रीझरबाईचं खरं नाव हजेरीपुस्तकात होतं आणि तिथेच राहिलं. सव्वीस वर्षांपूर्वी ती बाटल्या धुवायच्या जागेवर लागली. धुता धुता बघायला लागली, बघता बघता करायला लागली, आणि पुढे अशी वेळ आली की रक्ताच्या पिशवीतून हव्या त्याच पेशी वेगळ्या काढून त्या आठवडाभर जिवंत ठेवणारा अख्ख्या इमारतीत तिच्याशिवाय दुसरा हात उरला नाही. पदव्या बाकीच्यांकडे होत्या. पेशी मात्र तिच्याकडेच जगायच्या. ती त्यांना माया वगैरे लावायची नाही, चांगली झापायची. “खाऊन खाऊन माजलात, उद्यापासून निम्मंच मिळेल,” असं सूक्ष्मदर्शकातून बघत पुटपुटायची. गुडघे दुखायचे म्हणून उंच स्टुलावर बसायची आणि एकदा बसली की चहालाही उठायची नाही. त्यामुळे चहाच्या टेबलावर तिच्याबद्दल काय शिजतंय हे तिला सगळ्यात शेवटी कळायचं.

त्या प्रयोगशाळेत चालायचं काय, तेही सांगून टाकू. शरीरात लढाऊ टी पेशी असतात. परका जंतू दिसला की धावून जातात, आणि कधी कधी परकं कोण न् घरचं कोण हेही विसरतात. मग सांधे सुजतात, आतडी सोलवटतात. त्यांना आवरायला दुसऱ्या पेशी असतात. पुस्तकात त्यांचं नाव नियामक टी पेशी. बाई त्यांना थोरल्या जावा म्हणायची. ह्या थोरल्यांची गंमत अशी की त्या स्वतः चूल पेटवत नाहीत. इंटरल्युकिन-टू नावाचं प्रथिन लढाऊ पेशी रांधतात, आणि थोरल्या ते पुढे होऊन मटकावतात. ते पकडायला त्यांच्या अंगावर हातच जास्त असतात. त्यात स्वतःचं पोट भरतं आणि धाकट्या उपाशी राहून जरा गप्प बसतात, असा दुहेरी कारभार.

पण ते नुसतं खाणं नव्हे, तो निरोप असतो. पेशी एकमेकींना असे शेकडो निरोप पाठवतात. एक म्हणतो आवर, दुसरा म्हणतो पेटव. इंटरल्युकिन-टूचा निरोप येत राहिला की थोरलीला आपण थोरल्या आहोत ह्याची आठवण राहते. तो अडला, आणि भोवती चिथावणीचे निरोप फिरायला लागले, की हीच थोरली बाह्या सरसावून भांडणात उतरते आणि धाकट्यांच्या वरताण आरडाओरडा करते. घरोघरी ज्यांनी एकत्र कुटुंब पाहिलंय त्यांना हे समजवायला प्रयोगशाळा लागत नाही.

हे सगळं ज्यांच्या नावावर चालायचं ते मोठे साहेब. साहेबांना वीस वर्षांत कुणी पिपेट हातात धरलेलं पाहिलं नव्हतं, छायाचित्र सोडून. छायाचित्रात ते पिपेट धरून खिडकीकडे बघत असत. बोलायला लागले की “आम्ही दाखवून दिलं” ह्यावाचून वाक्य सुरू होत नसे. दाखवून देणारी बाई तेव्हा मागे बाटल्यांवर तारखा घालत असे. आणि साहेबांना बर्फाचा भारी तिटकारा. जुना फ्रीझर बावीस वर्षांचा, दार उघडलं की आत गुहा. वर्षातून दोनदा बाई लाकडी पट्टीने तो खरवडायची, बादल्या भरून बर्फ निघायचा. एकदा बाहेरचे पाहुणे प्रयोगशाळा बघायला आले आणि त्यांतल्या एकाने दार उघडून “अरे वा, इथे अस्वल आहे का?” असं विचारलं. झालं. साहेबांचं नाक कापलं गेलं.

महिन्याभरात नवा फ्रीझर आला. पांढरा शुभ्र, दारावर आकडे, आत बर्फाचा कण नाही. साहेब त्याच्या दारात आपला चेहरा बघून टाय नीट करायचे. जुना भंगारात निघाला. बाईने तो मागितला, स्टोअरकीपरने न वाचता गेटपासवर सही ठोकली, आणि टेम्पोतून फ्रीझर तिच्या घरी गेला.

“अगं, हे धूड ठेवायचं कुठे?” घड्याळजींनी विचारलं.

“तुमच्या टेबलाशेजारी. तुमची खोकी ठेवा त्याच्यावर.”

“आणि आत?”

“आतही खोकी ठेवा. बंदच आहे तो.”

“मग आणलंस कशाला?”

“बावीस वर्षं खरवडलाय मी तो,” बाई म्हणाली. “भंगारवाल्याने त्याला लाथ मारलेली मला बघवली नसती.”

तीन महिने बरे गेले. मग थोरल्या बिघडायला लागल्या. तब्येतीत असलेल्या पेशी गोळक्याने राहतात, घोसासारख्या. ह्या सुट्या सुट्या, बारीक, रुसल्यासारख्या पडून राहायच्या. लेझरच्या यंत्रातून काढल्या की प्रत्येक पेशीचा पडद्यावर एक ठिपका उमटतो. एरवी थोरल्यांचा ढग पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात दिसायचा. तो आता घसरत घसरत खाली यायला लागला, आणि भांडखोर पेशींच्या जागी नवे ठिपके चमकायला लागले. बाईने पोषकद्रव बदललं, बाटल्या बदलल्या, स्वतःचे हात चारदा धुतले. फरक शून्य. तेव्हा तिची नजर त्या पांढऱ्या शुभ्र कपाटाकडे वळली.

बर्फ जमत नाही, तर तो जातो कुठे? एवढा साधा प्रश्न. त्या इमारतीत अकरा डॉक्टरेट होत्या, त्यांतल्या एकीलाही तो पडला नाही. बाईने एका चिमुकल्या कुपीत निळ्या पाण्याचा थेंब घेतला, कुपी आडवी ठेवून तो बाजूच्या भिंतीला चिकटलेला गोठवला, आणि मग ती उभी करून नव्या फ्रीझरमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी थेंब तळाला, गोठलेला. म्हणजे मधे कधीतरी तो वितळला, घसरला आणि पुन्हा गोठला. बर्फ साचू नये म्हणून हे कपाट दिवसातून दोन-तीनदा आतल्या आत ऊब घेत होतं, बाहेरचा आकडा मात्र उणे वीस म्हणत ढिम्म. घरात मटार ठेवायला हे यंत्र झकास. पण इंटरल्युकिनसारखं नाजूक प्रथिन पुन्हा पुन्हा वितळलं, गोठलं, की नावापुरतं उरतं. कुपी भरलेली, चिठ्ठी लावलेली, आणि आतला निरोप पुसलेला.

बाई ती कुपी घेऊन साहेबांकडे गेली.

“साहेब, हा थेंब काल इथे होता, आज इथे आहे.”

“मग?”

“म्हणजे फ्रीझर मधे गरम होतो. आपलं प्रथिन मरतंय. थोरल्यांना उपास घडतोय.”

साहेबांनी कुपी उजेडात धरली, छायाचित्रात धरतात तशी. “बाई, थेंब खाली पडला ह्याला गुरुत्वाकर्षण म्हणतात. त्यावर आपला प्रकल्प नाही. तुम्ही बर्फ बघा, विज्ञान आम्ही बघतो.”

“बर्फच नाही ना साहेब, तेच म्हणतेय मी.”

पण साहेबांचे डोळे आता वेगळेच चमकत होते. ‘थोरल्या बिघडतायत’ एवढंच त्यांच्या कानात शिरलं होतं. आजवर सारं जग समजत होतं की इंटरल्युकिन-टू पोटभर दिलं की नियामक पेशी जागेवर राहतात. आमच्याकडे तर मापाने भरपूर देऊनही त्या फिरल्या! म्हणजे चिथावणी असेल तिथे हा निरोप कुचकामी! आम्ही दाखवून दिलं! संध्याकाळच्या आत भाषणाचा मथळा ठरला आणि दुसऱ्या दिवशी नवा सूट शिवायला पडला.

पुढे बाईने जे केलं ते नियमात बसणारं नव्हतं, हे आधीच कबूल करू. प्रथिनाची नवी भुकटी आली, ती तिने विरघळवली, एकेका वेळेपुरती छोट्या कुप्यांत भरली. निम्म्या कुप्या हुकमाप्रमाणे पांढऱ्या कपाटात ठेवल्या. निम्म्या बर्फाच्या डब्यात घालून घरी नेल्या. घड्याळजींची खोकी आतून बाहेर आली, फ्रीझर बावीस वर्षांच्या सवयीने घरघरायला लागला, आणि चार दिवसांत आत पुन्हा गुहा तयार झाली.

“मला घड्याळाची टिकटिक ऐकू येत नाही ह्याच्यापुढे,” घड्याळजी कुरकुरले.

“मग काटे बघा. काटे दिसतात ना?”

दर सोमवारी बाई एक कुपी डब्यातून परत आणायची आणि कोपऱ्यातल्या स्वतःच्या, पेशी वाढवायच्या प्लेटवर वापरायची. त्या प्लेटवरच्या थोरल्या घोसाने वाढत होत्या, जागेवर होत्या. एकदा झालं, दोनदा झालं. प्रयोगशाळेच्या भिंतीवर साहेबांच्याच सहीची पाटी होती, ‘तीनदा आल्याशिवाय बोलू नये’. अख्ख्या संस्थेत ती पाटी पाळणारी एकटी फ्रीझरबाई. पाटी लावणाऱ्याने एकदाच बघून सूट शिवायला टाकला होता. तिसऱ्या खेपेच्या सोमवारी ती डब्यातून कुपी काढताना स्टोअरकीपर दारात उभा.

“काय ताई, आज डब्यात काय विशेष?” त्याने गोड आवाजात विचारलं, आणि उत्तराला न थांबता तो साहेबांच्या खोलीकडे सुटला. हातमोज्यांच्या वेळी हे पाय कुठे असतात कोण जाणे.

शनिवारी दुपारी बाईच्या घरी तिघंजण हजर झाले. साहेब, स्टोअरकीपर, आणि आस्थापना विभागातली चौकशी अधिकारी. ही अधिकारी मोठी कोरडी बाई. पेशींतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण लिफाफे बंद करण्यात तिचा हात कुणी धरला नसता. चोरी सिद्ध झाली तर फ्रीझरबाईची नोकरी जाणार होती, आणि सव्वीस वर्षांवर चोर हा शिक्का बसणार होता. बाईला दुसरीच गोष्ट जास्त लागली होती. नोकरी काय, चार वर्षांनी जायचीच होती. शिक्का कुणी काढला नसता.

घड्याळजी डोळ्याला भिंग लावून बसले होते. तसेच वर बघत ते म्हणाले, “या. कुणाचं बंद पडलंय?”

“दंड दाखवा,” स्टोअरकीपर म्हणाला.

“काय?”

“बाही वर करा. सुईच्या खुणा बघायच्यात.”

घड्याळजींनी शांतपणे दोन्ही बाह्या वर केल्या. डासांच्या गांधी सोडून काही नव्हतं. “आणखी कुठे बघायचंय का?” त्यांनी पट्ट्याला हात घालत विचारलं, तेव्हा चौकशी अधिकारी घाईने फ्रीझरकडे वळल्या.

स्टोअरकीपरने दार ओढलं आणि बर्फाचा एक दगड त्याच्या अंगठ्यावर येऊन पडला. त्याचं कळवळणं संपेपर्यंत सगळ्यांनी सभ्यपणे वाट पाहिली. आत ओळीने कुप्या होत्या, प्रत्येकीवर तारीख, माप आणि बाईची बारीक सही. अधिकारीबाईंनी मोजल्या. सत्तावीस.

“बिनविचारता नेल्या हे कबूल?”

“कबूल,” बाई म्हणाली.

“मग प्रश्न मिटला!” साहेब म्हणाले. “आणि हा फ्रीझरसुद्धा संस्थेचा आहे.”

“गेटपास ह्यांच्या सहीचा आहे,” बाईने अंगठा चोळणाऱ्याकडे बोट दाखवलं. “आणि प्रश्न मिटलेला नाही. काढायचं तर काढा, पण चोर म्हणून नाही. ह्या कुप्या संस्थेसाठीच जपल्यात. एकाच रक्तातल्या पेशी घ्या, त्यांना चिथावणीचे तेच निरोप द्या, आणि निम्म्यांना ह्या कुपीतलं घाला, निम्म्यांना साहेबांच्या कपाटातलं. पाच दिवसांत कळेल.”

“असले पोरखेळ—” साहेब सुरू झाले.

“उद्यापासून पाच दिवसांनी शुक्रवार पडतो,” अधिकारीबाई म्हणाल्या. “अहवाल मला शुक्रवारीच द्यायचाय.” आणि त्यांनी पर्समधून डिंकाची बाटली काढली. पर्समध्ये डिंक बाळगणाऱ्या बायकांशी वाद घालू नये, एवढं साहेबांनाही कळत होतं. मग घरच्या कुप्या संस्थेत नेऊन अधिकारीबाईंनी दोन्हीकडच्या कुप्यांवरच्या चिठ्ठ्या झाकल्या, वर अ आणि ब लिहिलं, कुठलं अक्षर कुठल्या फ्रीझरचं ते एका कागदावर टिपलं, कागद लिफाफ्यात, लिफाफा पर्समध्ये.

रविवारी सकाळी सगळे पुन्हा प्रयोगशाळेत. साहेब म्हणाले, बाईंचा भरवसा नाही, थेंब मी घालणार. त्यांनी कोट चढवला, पिपेट उचललं, नेहमीच्या सवयीने खिडकीकडे बघितलं, आणि पहिल्याच थेंबाला बटण असं काही दाबलं की अर्धं द्रव प्लेटवर आणि अर्धं शर्टावर. दुसऱ्या खेपेला टोकाची नळीच निसटून पेशींत बुडाली. अकरा डॉक्टरेट एकदम भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागल्या.

“अ कुठलं न् ब कुठलं हे ह्या बाईंना माहीत नाही,” अधिकारीबाई म्हणाल्या. “त्यांना घालू द्या.”

बाईने दोन नव्या प्लेटा घेतल्या, स्टुलावर बसली, आणि बावीस मिनिटांत काम संपवलं. पाच दिवस प्लेटा उबेच्या कपाटात राहिल्या, कपाटावर अधिकारीबाईंचा डिंक आणि सही. बाई रोज येऊन कपाटासमोर उभी राहायची. तिला खात्री होती. पण खात्री साहेबांनाही होतीच की, आणि त्या खात्रीची काय किंमत होती हे ती रोज बघत होती. गुरुवारी तिने जेवणाचा डबा न उघडता परत नेला. घड्याळजींनी तो उघडून पाहिला आणि पहिल्यांदाच फ्रीझरच्या आवाजाबद्दल काही बोलले नाहीत.

शुक्रवारी लेझरचं यंत्र सुरू झालं. पहिली प्लेट. पडद्यावर ठिपके पडत गेले, आणि वरच्या कोपऱ्यात दाट, गच्च ढग जमला. चिथावणी असूनही थोरल्या जागच्या हलल्या नव्हत्या. दुसरी प्लेट. ढग विरळ, निम्मा खाली घसरलेला, आणि बाजूला भांडखोरांचे ठिपके चमचमताहेत.

लिफाफा अजून बंद होता. अधिकारीबाई डिंक सोडवत होत्या. कुठल्याही शहाण्या माणसाने तेवढं अर्धं मिनिट गप्प राहून काढलं असतं. साहेबांना गप्प राहण्याचा सराव नव्हता.

“बघा!” पडद्यावरच्या गच्च ढगाकडे बोट दाखवत ते गरजले. “ह्याला म्हणतात साठवण! हा माझा नवा फ्रीझर! आणि तो खालचा कचरा म्हणजे बाईंच्या घरचं प्रथिन. घड्याळाच्या खोक्यांशेजारी ठेवल्यावर आणखी काय होणार? आम्ही दाखवून दिलं!”

अधिकारीबाईंनी कागद उलगडला आणि रेल्वेचं वेळापत्रक वाचावं तशा आवाजात वाचला. “अ, पहिली प्लेट, राहतं घर. ब, दुसरी प्लेट, संस्थेचा नवा फ्रीझर.”

बाईने चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाली, “साहेब, पुन्हा दाखवून द्यायचं का? दोनदा आधीच आलंय.”

साहेबांची कातडी मात्र मानावी अशी. दोन घोट पाणी प्यायले आणि म्हणाले, “मी पहिल्यापासून म्हणत होतो, साठवणीकडे कुणी लक्ष देत नाही.” भाषण रद्द झालं. सूट एका लग्नाला कामी आला. नियामक पेशींच्या बंडाचा सिद्धांत गुंडाळला गेला आणि त्याच्या जागी ‘प्रथिनसाठवणीचे धोके’ ह्या विषयावर साहेबांचा चार पानी लेख छापून आला. निळ्या थेंबाची युक्ती त्यात “आम्ही योजलेली एक सोपी चाचणी” म्हणून होती. शेवटी आभार स्टोअरकीपरचे, प्रशासकीय सहकार्याबद्दल. बाईचं नाव कुठे होतं? हजेरीपुस्तकात.

चौकशीचा अहवाल दोन ओळींचा होता. चोरी नाही, विनापरवाना स्थलांतर, समज द्यावी. बाईला समजपत्र मिळालं. जुना फ्रीझर टेम्पोतून परत आला, आणि तो दुसऱ्या मजल्यावर चढवताना मागची बाजू स्टोअरकीपरला धरावी लागली. जागेवर ठेवल्यावर तो एका पायावर डुगडुगत होता. बाईने समजपत्राची चार पदरी घडी केली आणि त्या पायाखाली घातली. पांढऱ्या कपाटात आता साहेबांच्या पाण्याच्या बाटल्या असतात.

कुजबुज त्यानंतरही वर्षभर चालली. खरं एवढंच होतं. बाई कुप्या घरी न्यायची आणि त्या तिथे गोठलेल्या राहायच्या. नवऱ्याला तिने कधीच काही टोचलं नाही. तो दर रविवारी कलप लावायचा.